परक्या भाषेतली शिवी

श्रोतेहो, नमस्कार.

आमचा सहा वर्षांचा नातू परवा ठोकळ्यांचा मनोरा रचत होता. शेवटचा ठोकळा ठेवायला आणि सगळा डोलारा कोसळायला एकच गाठ पडली. पोरानं कपाळाला हात लावला आणि अगदी स्वच्छ उच्चारात ‘एफ’नं सुरू होणारी ती इंग्रजी शिवी हासडली. शेजारी माझी आई, म्हणजे त्याची पणजी, बसली होती. ती कौतुकानं म्हणाली, “किती छान इंग्रजी बोलतो रे हा!”

हेच त्यानं मराठीत म्हटलं असतं तर? घर डोक्यावर घेतलं असतं आम्ही. पण खरं सांगतो, ती ऐकून मलाही काही टोचलं नाही. आधी हसूच आलं.

शिवीला धार चढते ती लहानपणी. शब्द तोंडातून निघाला की आईचे वटारलेले डोळे, पाठीत बसलेला धपाटा, सगळं त्याला चिकटतं. बॉस्टनमधल्या संशोधकांनी हे चक्क मोजलं. त्यांचा लेख २००३ साली छापून आला. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी मागाहून शिकलेल्या लोकांच्या बोटांना त्यांनी तारा जोडल्या. मन हललं की बोटांना नकळत घाम सुटतो, तो यंत्राला कळतो. शिव्या लागल्याच, पण खरा फरक दिसला तो “लाज नाही वाटत?” छापाच्या दटावणीत. तुर्कीत ती चांगलीच झोंबली, इंग्रजीत तेवढी नाही.

मुलाच्या लेखी तर तो शब्द ‘अरेच्चा’चा इंग्रजी भाऊ. गेममध्ये, व्हिडिओत काही पडलं-फुटलं की कुणीतरी तो म्हणतंच. आणि नुसत्या आवाजावरून शिवी ओळखावी कशी? कॅनडातल्या क्युबेकमध्ये फ्रेंच भाषकांची ‘ताबर्नाक’ ही जबर शिवी. मूळ शब्द चर्चमधल्या पवित्र पेटीचा!

त्या क्षणी मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर शब्द कायमचा बसला असता. रात्री अंथरुणावर त्याला म्हटलं, “हा शब्द मोठी माणसं चिडली की वापरतात. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलतात ना, त्यांना तो फार लागतो.” समजावताना तो शब्द मी स्वतः दोनदा उच्चारला, अगदी सहज.

त्यानं विचार केला. म्हणाला, “आजोबा, त्याला मराठीत काय म्हणतात?”

माझी जीभ काही उचलेना.