की-बोर्ड मुका का होतो: सक्तीच्या डिपेंडन्सी आणि लिनक्स डेस्कटॉप
(सांगलीतील व्याख्यानाचा संपादित अंश)

मार्केट यार्डातल्या अडत दुकानांत आणि शाळांच्या संगणक कक्षांत जुनी मशीनं लिनक्सवर चालवणारे तुम्ही लोक आहात, म्हणून थेट कामाचंच बोलतो. डिस्कवर जागा करायला आपण नको ती पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे संच, काढतो; त्यांतलंच एखादं दुसऱ्या कशाला तरी चालायला लागत असतं, म्हणजे त्याची डिपेंडन्सी असतं, आणि पुढच्या वेळी लॉगिनच्या पडद्यावर की-बोर्ड आणि माउस दोन्ही मुके होतात.

की-बोर्ड ओळखण्याचं काम तीन जण मिळून करतात. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल 'डेव्ह इनपुट' फोल्डरात इव्हेंट फाइल तयार करतो. जोडलेल्या उपकरणांची नोंद ठेवणारं युडेव्ह तिच्यावर 'हा की-बोर्ड आहे' अशी खूण करतं. मग पडद्यावर खिडक्या दाखवणारा एक्स सर्व्हर (थोडक्यात एक्स) ती खूण वाचून की-बोर्ड-माउस हाताळणारा लिबइनपुट ड्रायव्हर लावतो. एक कडी तुटली की बाकीच्या दोन शाबूत असूनही उपयोग नाही.

यातली मधली कडी वारंवार बदलली. 2007 च्या एक्स सर्व्हर 1.4 मध्ये हे काम हॅल या जुन्या उपकरण-सेवेकडे होतं, 2010 च्या 1.8 पासून युडेव्हकडे आलं. 2012 मध्ये युडेव्ह सिस्टमडीच्या, म्हणजे मशीन सुरू करून सेवा चालवणाऱ्या प्रणालीच्या, सोर्समध्ये गेलं आणि जेंटू या लिनक्स आवृत्तीवाल्यांनी ईयुडेव्ह नावाची वेगळी शाखा काढली. कायमचा जोडलेला एक की-बोर्ड चालवायला इतकं ओझं सक्तीचं असू नये, असं माझं ठाम मत आहे.

पण सगळीच सक्ती खरी नसते. डेबियन या लिनक्स आवृत्तीत 'डिपेंड्स' म्हणजे अनिवार्य, 'रेकमेंड्स' म्हणजे शिफारस. पॅकेजेस बसवणारं-काढणारं ॲप्ट शिफारशीही आपोआप बसवतं. नको असतील तर 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' हा पर्याय द्या. एखादं पॅकेज मशीनवर का आलं, ते 'ॲप्टिट्यूड व्हाय' सांगतं. काही काढण्याआधी ॲप्टला 'एस' पर्याय देऊन फक्त तालीम करा आणि जाणाऱ्या पॅकेजेसची यादी शेवटपर्यंत वाचा. डेस्कटॉपचं मेटापॅकेज, म्हणजे फक्त इतर पॅकेजेस ओढून आणणारं पॅकेज, काढलं की त्यानं ओढून आणलेली पॅकेजेस 'आपोआप आलेली' म्हणून उरतात, आणि 'ऑटोरिमूव्ह' त्यांच्यावर हात टाकतं. लिबइनपुटचा एक्स ड्रायव्हर 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल'नं आधीच राखून ठेवा.

तरीही अडकलात तर? एक्स चालू असताना कंट्रोल-ऑल्ट-एफ3 सुद्धा लागत नाही, कारण त्या कन्सोलवरचा कर्नलचा की-बोर्ड एक्सनं बंद केलेला असतो आणि एक्सच्या स्वतःकडे ड्रायव्हर नाही. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत मात्र की-बोर्ड चालतो, कारण तिथं तो मशीनमधलं मूळ सॉफ्टवेअर (फर्मवेअर) वाचतं. तिथं 'ई' दाबा, 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 3 लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. सिस्टमडी असलेलं मशीन मजकुरी लॉगिनवर थांबेल.

आता तपास. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन 'ईव्हीटेस्ट' चालवा आणि कळ दाबा. काहीच उमटलं नाही तर वायर, पोर्ट किंवा कर्नल मॉड्यूल बघा. उमटलं तर 'युडेव्हॲडम इन्फो'मध्ये 'आयडी इनपुट की-बोर्ड' समोर 1 आहे का पाहा. खूणच नसेल तर एक्स त्या उपकरणाकडे बघत नाही. खूण असेल तर एक्सचा लॉग उघडा. लिबइनपुट मॉड्यूल सापडत नाही अशी ओळ दिसली तर ड्रायव्हरच गेलाय. पॅकेज पुन्हा बसवा.

बारकोड स्कॅनर हाही कर्नलच्या दृष्टीनं की-बोर्डच. तो अक्षरं पाठवत नाही, कळांचे क्रमांक पाठवतो. म्हणून मराठी लेआउट (कोणत्या कळेला कोणतं अक्षर ती मांडणी) चालू असताना बिलात आकड्यांऐवजी भलतंच उमटतं. 'एक्सइनपुट लिस्ट'मधून स्कॅनरचा आयडी घ्या, 'सेटएक्सकेबीमॅप'ला 'डिव्हाइस' पर्यायानं तो द्या आणि त्याचा लेआउट 'यूएस' करा. तुमचा की-बोर्ड मराठीच राहील. ही सोय एक्सची आहे. एक्सच्या जागी येणाऱ्या वेलँडवर ते कंपोझिटरवर, म्हणजे तिथं खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, अवलंबून.