दाराजवळची खुर्ची

(पहाट. आयर्विन पूल. खाली कृष्णा.)

पुलावर फिरायला येणाऱ्यांत सांगलीतलीच एक मुलगी असते. स्पर्धा परीक्षेची तयारी करते. गेल्या उन्हाळ्यात अभ्यासिकेत बसल्या जागी तिच्या छातीत धडधडायला लागलं, हातपाय गार पडले, आता आपलं काही खरं नाही असं वाटलं. वडिलांनी स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. ‘काही झालेलं नाही’ म्हणून घरी पाठवलं. आजीनं मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. तेव्हापासून ती अभ्यासिकेत दाराजवळचीच खुर्ची धरते.

(रिकामी खुर्ची. दार अर्धं उघडं.)

१८३१ च्या हिवाळ्यात इंग्लंडच्या प्लिमथ बंदरात २२ वर्षांचा चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाज सुटायची वाट बघत होता. त्याच्याही छातीत धडधडायचं, दुखायचं. एडिनबरात डॉक्टरकी शिकायला जाऊन अर्ध्यावर सोडलेली. त्या थोडक्या माहितीवर त्यानं ठरवूनच टाकलं, आपल्याला हृदयविकार आहे. डॉक्टरला मात्र दाखवलं नाही. सफरीला नको म्हणतील, ही धास्ती. हे त्यानंच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

पाच वर्षांची सफर झाली, दुखणं राहिलं. १८४२ पासून शेवटपर्यंत तो डाउन गावी राहिला. ओकाऱ्या, थरथर, जीव जातोय असं वाटणं. पाहुण्यांशी जरा जास्त बोलणं झालं की पुढे त्रास. कामाच्या खोलीच्या खिडकीबाहेर त्यानं आरसा बसवून घेतला होता, कोण येतंय ते आधीच दिसावं म्हणून. त्या आरशापाशी मी फार वेळ थांबलो. तो आरसा आणि ही खुर्ची, मला एकाच घरातल्या वाटतात.

१९९७ साली आयोवा विद्यापीठातल्या दोन डॉक्टरांनी मांडलं, हा पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अचानक भीतीचे झटके येण्याचा आजार असावा. कुणी चागास या संसर्गाकडे बोट दाखवतं, कुणी दूध न पचण्याकडे. डार्विनची नाडी आता कोण बघणार? म्हणून ‘असावा’ एवढंच.

हिची नाडी मात्र आज बघता येते. मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी तिला समजावून सांगितलं: धोका नसताना शरीर धोक्याची तयारी करतं, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय पळतं. साधारण १० मिनिटांत जोर शिगेला पोचतो, मग ओसरतो. ‘काही झालेलं नाही’ असं तिला कुणी म्हणायलाच नको होतं.

(मनगटावरचं घड्याळ.)

परवा तिला पुलाच्या मध्यावरच झटका आला. तिनं कठडा धरला, घड्याळ बघितलं. सहा वाजून बारा मिनिटं. चित्रण थांबवून आम्ही कॅमेरा खाली ठेवला. सहा पंचविसाला ती म्हणाली, “चला दादा, सांगलीवाडीपर्यंत जाऊ.”