भिंतीपलीकडचा ब्लूटूथ

[दृश्य: एप्रिल २०२०. बंद शटरं, रिकामा रस्ता. एका हातात मोबाईल, पडद्यावर हिरवा रंग.]

२ एप्रिल २०२०. कोविडच्या टाळेबंदीचा नववा दिवस. त्या दिवशी केंद्र सरकारचं 'आरोग्य सेतू' हे ॲप लोकांच्या हाती आलं. बाधित माणसाच्या जवळ कोण कोण येऊन गेलं, हे फोनच्या ब्लूटूथवरून शोधण्यासाठीचं. नॅशनल इन्फर्मॅटिक्स सेंटरच्या देखरेखीखाली तयार झालेलं, मराठीसह ११ भाषांतलं. पहिल्या १३ दिवसांत ते ५ कोटी फोनवर उतरलं, आणि मेच्या मध्यापर्यंत १० कोटींवर.

आकडा मोठा वाटतो. पण साथीच्या कामात डाउनलोडचा आकडा फार काही सांगत नाही, आणि त्याचं कारण साध्या गुणाकारात आहे.

[दृश्य: फळा. खडूने आकडे लिहिणारा हात.]

संपर्काची नोंद व्हायची तर भेटणाऱ्या दोघांच्याही फोनवर ॲप हवं, दोन्हीकडे ब्लूटूथ चालू हवं. समजा, १०० पैकी ४० जणांकडे ॲप आहे. मग कुठल्याही दोन अनोळखी माणसांची गाठ पडली, तर दोघांकडेही ते असण्याची शक्यता ४० टक्के नाही. ०.४ गुणिले ०.४, म्हणजे १६ टक्के. आता १३५ कोटींच्या देशात १० कोटी ॲपं घ्या. प्रमाण झालं साधारण साडेसात टक्के. त्याचा वर्ग केला की उरतो जेमतेम अर्धा टक्का. दोनशे भेटींतली एखादीच नोंदली जाणार.

अर्थात स्मार्टफोन सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. हिंजवडीतल्या एखाद्या कार्यालयात हे प्रमाण खूप जास्त असेल, भाजी मंडईत खूप कमी. म्हणजे ज्यांना घरून काम करता येत होतं त्यांच्यावर लक्ष पक्कं, आणि ज्यांना रोज बाहेर पडणं भाग होतं त्यांच्यासाठी जाळं विरळ. साध्या फोनवाल्यांसाठी १९२१ या नंबरवर मिस्ड कॉलची सोय केली गेली. मिस्ड कॉल दिला की उलट फोन यायचा आणि लक्षणं विचारली जायची. पण कोण कोणाजवळ बसलं होतं, हे त्या फोनला कळणं शक्य नव्हतं.

[दृश्य: चाळीतल्या दोन खोल्या. मधल्या पातळ भिंतीला दोन्ही बाजूंनी चार्जिंगला लावलेले फोन.]

आता ब्लूटूथ नेमकं काय मोजतं ते पाहू. ते अंतर मोजत नाही. समोरच्या फोनकडून येणारा सिग्नल किती जोरात आहे, एवढंच त्याला कळतं, आणि त्या जोरावरून अंतराचा अंदाज बांधला जातो. हा अंदाज सहज फसतो. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि या लहरी त्या पाण्यात शोषल्या जातात. दोघं समोरासमोर बोलतायत, पण दोघांचेही फोन मागच्या खिशात, तर ॲपला वाटणार की माणसं लांब आहेत. धातूच्या डब्यात, बसमध्ये किंवा लोकलमध्ये, लहरी पत्र्यावर आपटून उलटतात आणि सिग्नल कुठल्या कुठे जातो.

याउलट भिंत. विषाणू विटांमधून जात नाही, ब्लूटूथ जातो. चाळीत किंवा झोपडपट्टीत पार्टिशन पातळ असतं. अलीकडच्या आणि पलीकडच्या घराने आपापला फोन एकाच भिंतीपाशी चार्जिंगला लावला आणि दोन्ही घरं झोपली, तर ॲपच्या हिशेबी तो सात-आठ तासांचा जवळचा संपर्क. माणसांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं.

ब्रिटनमध्ये लोकांनी हेच अनुभवलं. जुलै २०२१ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या ॲपवरून एका आठवड्यात 'बाधिताच्या संपर्कात आलात, घरी थांबा' अशा ६ लाखांहून अधिक सूचना गेल्या. दुकानं, कारखाने, रेल्वे, सगळीकडे माणसं घरी बसली. कंटाळून अनेकांनी ॲप काढून टाकलं. शेवटी ऑगस्टमध्ये सरकारने हिशेब बदलला: लक्षणं नसलेला कोणी बाधित निघाला, तर मागच्या पाच दिवसांऐवजी दोनच दिवसांचे संपर्क धरायचे. उगाच वाजणारी घंटा चार वेळा ऐकली की पाचव्यांदा खरी वाजली तरी माणूस उठत नाही.

[दृश्य: फोनचा पडदा जवळून. 'लोकेशनची परवानगी द्या' ही चौकट.]

संशयाची सुरुवात बऱ्याचदा या चौकटीपासून झाली. अँड्रॉइड ६ ते ११ या आवृत्त्यांमध्ये ब्लूटूथने आजूबाजूची उपकरणं शोधायची, तरी फोन लोकेशनची परवानगी मागतो. व्यवस्थेचा नियमच तसा आहे. पण हे कोणी समजावून सांगितलं नाही. शिवाय आरोग्य सेतूच्या बाबतीत लोकांचा संशय निराधारही नव्हता, कारण हे ॲप ब्लूटूथसोबत जीपीएसही खरोखर वापरत होतं. दर १५ मिनिटांनी जागेची नोंद फोनमध्ये साठायची. मालक बाधित निघाला किंवा त्याने स्वतःच भरलेली लक्षणं धोक्याची वाटली, तर ती नोंद सर्व्हरवर जायची. नाहीतर ३० दिवसांनी फोनमधून पुसली जायची. नाव, मोबाईल नंबर, वय, लिंग, व्यवसाय आणि परदेश प्रवास या गोष्टी मात्र नोंदणी करतानाच द्याव्या लागत.

मग बॅटरी. पार्श्वभूमीत चालणारी ॲपं बॅटरी वाचवण्यासाठी आपोआप बंद करण्याची सवय कित्येक स्वस्त फोनांना असते. सेटिंगमध्ये जायचं, ॲपच्या यादीतून आरोग्य सेतू उघडायचं, बॅटरीवर बोट ठेवायचं आणि 'निर्बंध नाही' निवडायचं. इतकं केलं तरच ॲप जागं राहणार. हे किती घरांत केलं गेलं असेल? पडद्यावर चिन्ह दिसतंय, हिरवा रंगही दिसतोय, आणि आत नोंद शून्य.

आणखी एक दुवा होता, त्याबद्दल फारच कमी बोललं गेलं. चाचणीचा निकाल ॲपपर्यंत पोचायचा तो आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, नोंदींमधून, मोबाईल नंबर जुळवून. म्हणजे स्वॅब देताना अर्जावर जो नंबर लिहिला, त्याच नंबरवर ॲप असायला हवं. ज्या घरात पाच माणसांत एक फोन, तिथे आईच्या अर्जावर मुलाचा नंबर. कोणी शेजाऱ्याचा दिला, कोणी इमारत सील होईल या भीतीने चुकीचाच दिला. साखळी तिथेच तुटली.

[दृश्य: कार्यालयाचं प्रवेशद्वार. सुरक्षारक्षक, हातात थर्मल गन, समोर मोबाईल धरलेली माणसं.]

ॲपमध्ये रंग होते: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. लक्षणांची प्रश्नावली भरायची आणि रंग मिळायचा. घरी बसून स्वतःची तब्येत तपासायला ही सोय उत्तम. पण हा रंग दारावर दाखवायचा पास झाला, आणि तिथे सगळं बिघडलं. खोकला आहे असं खरं लिहिलं तर रंग बदलणार, रंग बदलला तर आत सोडणार नाहीत, आत सोडलं नाही तर आजचा रोज बुडणार. मग माणूस काय लिहील? आरोग्याची नोंद घेणारं साधन गेटपास झालं की त्यातली माहिती खोटी होऊ लागते. आजाऱ्यांना शोधण्यासाठी बनवलेल्या यंत्रणेतून सगळ्यात आधी आजारीच निसटतात. रक्षकाला तर हिरवा पडदा दिसला की पुरे. तो ताजा आहे की कालचा स्क्रीनशॉट, हे तो कसं ओळखणार?

सक्ती आली ती अशी. २९ एप्रिलला केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी, आणि १ मेच्या गृह मंत्रालयाच्या आदेशाने सरकारी-खासगी सगळ्या नोकरदारांसाठी. कंटेनमेंट झोनमध्ये तर शंभर टक्के. नोएडात पोलिसांनी ॲप नसलेल्या स्मार्टफोनधारकांवर भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याबद्दल, कारवाईचा इशारा दिला. देशात तेव्हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा नव्हता. तो संमत झाला ऑगस्ट २०२३ मध्ये. मुंबई दंगलींची चौकशी केलेले आणि पुढे अशा कायद्याचा पहिला मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष असलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी ही सक्ती पूर्णपणे बेकायदेशीर असल्याचं जाहीरपणे म्हटलं.

त्यानंतर एकेक गोष्ट सैल होत गेली. माहिती कोण वापरणार आणि किती दिवस ठेवणार, याचे नियम आले ११ मे रोजी. १७ मेच्या आदेशात सक्तीची भाषा मवाळ झाली. अँड्रॉइड ॲपचा सोर्स कोड, म्हणजे ॲप आत काय करतं ते दाखवणारा मूळ प्रोग्राम, खुला झाला २६ मे रोजी. ऑक्टोबरमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने बजावलं, की ॲप नाही म्हणून कोणाला सरकारी सेवा नाकारता येणार नाही. यातलं बहुतेक सगळं गरजेचं आणि चांगलं होतं. पण क्रम उलटा होता. नियम आणि कोड आधी दाखवायचे, मग लोकांना विनंती करायची. इथे आधी हुकूम आला आणि खुलासे मागून.

[दृश्य: सिंगापूर. गळ्यात अडकवलेला छोटा टोकन.]

सिंगापूरने 'ट्रेसटुगेदर' आणलं २० मार्च २०२० रोजी. फक्त ब्लूटूथ, जीपीएस नाही. आयफोनवर मात्र अडचण होती: ॲप समोर उघडं नसलं की ब्लूटूथ थंडावत असे. स्मार्टफोन नसलेल्या ज्येष्ठांचा प्रश्न होताच. म्हणून जूनअखेर ॲपचंच काम करणारे ब्लूटूथचे छोटे टोकन वाटायला सुरुवात झाली. त्यात ना सिम, ना जीपीएस, बॅटरी काही महिने टिकणारी, वर क्यूआर कोड. डिसेंबरपर्यंत ७० टक्क्यांहून जास्त रहिवासी या योजनेत आले.

आणि मग जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या संसदेत सांगितलं गेलं, की फौजदारी तपासासाठी पोलिसांना ही माहिती मागता येते. त्याआधी लोकांना सांगितलं होतं, फक्त संपर्क शोधासाठी. संबंधित मंत्र्यांनी चूक कबूल केली आणि फेब्रुवारीत कायदा करून हा वापर सात गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित केला. कबुली आणि कायदा, दोन्ही महिन्याभरात. हे श्रेय द्यायलाच हवं. पण दिलेला शब्द फिरला होता, हेही खरं.

[दृश्य: धारावी. अरुंद बोळ, पीपीई घातलेले आरोग्य कर्मचारी, पल्स ऑक्सिमीटरमध्ये बोट.]

धारावीत पहिला रुग्ण सापडला १ एप्रिल २०२० रोजी. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो माणसं, सार्वजनिक शौचालयं, एका खोलीत सात-आठ जण. तिथे संपर्क शोधला तो दारोदार फिरून. फिव्हर कॅम्प, ऑक्सिमीटर, स्थानिक डॉक्टर, आणि ज्यांना घरात वेगळं राहणं अशक्य होतं त्यांच्यासाठी शाळांमध्ये आणि सभागृहांमध्ये विलगीकरण, जेवणासकट. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं.

सप्टेंबरमध्ये राज्यभर 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली. पथकं घरोघर गेली, ताप आणि ऑक्सिजन मोजला, आणि माहिती ॲपमध्ये भरली. म्हणजे इथेही ॲप होतंच. फरक एवढाच, की ते लोकांच्या खिशात नव्हतं, दारात उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाच्या हातात होतं. त्याला विचारता येत होतं: "ऑक्सिजन कमी निघाला तर मला कुठे नेणार? घरच्यांना रेशन कोण देणार?" फोनवरच्या सूचनेकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. हे काम ज्यांच्या खांद्यावर पडलं त्या आशा सेविकांना मानधनासाठी जून २०२१ मध्ये संप करावा लागला. डिजिटल आरोग्याच्या चर्चेत ही गोष्ट गाळली, तर चर्चा अर्धवट राहते.

[दृश्य: सरकारी रुग्णालय, केसपेपरची रांग. भिंतीवर क्यूआर कोड.]

आरोग्य सेतूमधला संपर्क शोधाचा भाग जुलै २०२२ मध्ये बंद करण्यात आला. ॲप मात्र राहिलं. त्यातून आता १४ अंकी 'आभा' क्रमांक काढता येतो, म्हणजे आपल्या आरोग्याच्या नोंदी एकत्र जोडणारा डिजिटल ओळख क्रमांक. त्याआधी, २०२१ मध्येच, आधार दाखवून लस घेतलेल्या अनेकांच्या प्रमाणपत्रावर एक हेल्थ आयडी ('आभा'चंच आधीचं नाव) छापून आला होता. तो आपण कधी मागितला, हे त्यातल्या कित्येकांना आठवत नव्हतं.

आज रुग्णालयाच्या भिंतीवरचा कोड स्कॅन केला की नाव, वय, पत्ता थेट नोंदणीच्या खिडकीवर पोचतो आणि टोकन नंबर मिळतो. 'आभा' काढणं ऐच्छिक आहे, असं नियम सांगतो. खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्याला ते ठाऊक आहे का, आणि आभा नसलेल्या बाईंना तो त्याच रांगेतून केसपेपर देतो का, हे त्या खिडकीपाशी उभं राहिल्यावरच कळतं.

[दृश्य: खिडकी. कागदी केसपेपर घेणारा हात. त्याच्या शेजारी फोन धरलेला दुसरा हात.]