धारेवरची सायकल आणि खालचं पाणी

डोंगराच्या धारेवर पाणी टिकत नाही. पडलेला पाऊस दोन्ही अंगांनी वाहून जातो. जो मुरतो तो खाली घट्ट खडक लागला की झऱ्यातून बाहेर येतो. त्यामुळे नकाशात पाणी शोधायचं ते खिंडीच्या आसपास. मात्र निळी रेघ तुटक असेल तर तो ओहोळ हंगामी.

धारेवर सायकल चालवताना ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, रणरणत्या उन्हात लिटरभर. चार तासांची बेगमी म्हणजे जवळपास तीन किलो वजन. पाठपिशवीत ते उंचावर राहतं आणि खडकाळ वळणावर तोल खेचतं. शिवाय तिच्यात किती उरलंय तेही दिसत नाही. फ्रेमवरच्या बाटल्या त्या मानाने बऱ्या.

समजा, ही खिंड आली. झरा शंभर मीटर खाली आहे. सायकल घेऊन उतरलात तर ढकलत वर आणावी लागेल, तेव्हा ती इथेच ठेवा. आडवी करायची ती डाव्या कुशीवर. उजवीकडे डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग असतो, आणि तो ज्यावर टांगलेला असतो तो हँगर मुद्दामच मऊ धातूचा केलेला असतो. हँगर वाकला की मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर चेन टाकताच डिरेलर स्पोकमध्ये अडकू शकतो, आणि मग उरलेली धार पायी.

पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, रुमालातून गाळा, नाहीतर फिल्टर चोंदतो. ०.१ मायक्रॉनचा तंतूंचा फिल्टर जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो, विषाणू नाही. वरच्या अंगाला गुरं किंवा वस्ती असेल तर क्लोरिन डायऑक्साइडची गोळीही टाकावी. साधारण ३० मिनिटं थांबायचं. क्रिप्टोस्पोरिडियम हा चिवट परजीवी गोळीने मारायला मात्र ४ तास. झाकण किंचित सैल करून बाटली उलटी धरा, म्हणजे गोळीचं पाणी आट्यांतून झिरपेल. तिथे अडकलेला कच्च्या पाण्याचा थेंब नेमका ओठाला लागतो.

वापरलेला फिल्टर थंडीत गोठला तर तंतू फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. असा फिल्टर फेकूनच द्यावा. रात्री तो झोपायच्या पिशवीत, अंगाजवळ.

झरा आटलेला निघाला तर उरलेलं पाणी मोजा. पुढच्या पाण्यापर्यंतचे तास त्यात बसत नसतील तर खिंडीतूनच खाली उतरायचं. पुढे धारेवरून उतरायला वाट असेलच असं नाही.