एक दिवस कमी

[दृश्य: डे मॉइन, आयोवा. प्रिन्सिपल पार्क. कॅमेरा होम प्लेटमागून सेंटर फील्डकडे.]

कुंपणापलीकडे तो सोनेरी घुमट दिसतोय ना, ते आयोवा राज्याचं विधानभवन. मैदानाच्या शेजारीच डे मॉइन आणि रॅकून या दोन नद्यांचा संगम. अमेरिकेतल्या छोट्या मैदानांमध्ये इतकं देखणं क्वचितच सापडेल. तरी इथं खेळणाऱ्या प्रत्येकाला इथून निघायची घाई असते. हे आयोवा कब्सचं घर. शिकागो कब्स या बेसबॉल क्लबचा हा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या अलीकडची शेवटची पायरी.

[दृश्य: तिसऱ्या बेसभोवतालची माती, अगदी जवळून. माळी पाणी मारतोय.]

एप्रिल २०१५ मध्ये या मातीवर २३ वर्षांचा क्रिस ब्रायंट उभा होता. आदल्या वर्षी मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायऱ्यांवर, त्यानं ४३ होम रन (बेसबॉलचे षटकारच) ठोकले होते. मार्चच्या सराव सामन्यांत आणखी ९. त्या सराव-हंगामात त्याच्याहून जास्त कुणाचेच नव्हते. आणि हंगाम तोंडावर असताना, ३० मार्चला, क्लबनं त्याला इकडं धाडलं. कारण दिलं गेलं क्षेत्ररक्षणाचं. म्हणे, अजून थोडं घोटून घ्यायला हवं.

[दृश्य: एप्रिल २०१५ चं कॅलेंडर. ५ ते १६ या तारखांवर एकेक फुली पडत जाते.]

खरं कारण या कॅलेंडरमध्ये आहे. मेजर लीगच्या यादीत खेळाडूचे १७२ दिवस भरले, की त्याच्या सेवेचं एक वर्ष धरलं जातं. अशी सहा वर्षं झाली की तो मोकळा, हव्या त्या क्लबशी करार करू शकतो. तोवर तो ज्या क्लबचा, त्याच क्लबचा. २०१५ चा हंगाम ५ एप्रिल ते ४ ऑक्टोबर, म्हणजे १८३ दिवसांचा. त्यातले १२ दिवस खेळाडूला खाली ठेवा, उरतात १७१. वर्ष भरत नाही. मग सहाव्या हंगामाच्या शेवटी त्याची सहा वर्षं पुरी झालेली नसतात आणि क्लबला आयता सातवा हंगाम मिळतो.

महाराष्ट्रात रोजंदारीवर किंवा कंत्राटावर काम केलेल्याला हा हिशेब शिकवावा लागणार नाही. २४० दिवस भरत आले की नोकरीत मध्येच ‘खंड’ पडतो, आणि चार दिवसांनी तोच माणूस त्याच टेबलावर तीच फाईल उघडून बसतो. फरक पैशांचा आहे, आणि तो प्रचंड आहे, कबूल. तरी फुल्या मारणारा हात दोन्हीकडे मालकाचाच.

[दृश्य: महामार्ग ८०. दोन्ही बाजूंना मका. नंतर शिकागोची रेड लाईन, ॲडिसन स्थानक, गर्दी.]

ब्रायंट आयोवाकडून सात सामने खेळला. त्यात तीन होम रन. आता या दिवसांत त्याचं क्षेत्ररक्षण किती सुधारलं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

[दृश्य: रिग्ली फील्ड. विटांच्या भिंतीवरची वेल. मग हातानं चालणारा धावफलक. आतला माणूस आकड्याची पाटी सरकवतो.]

हे रिग्ली फील्ड. आमचं चित्रीकरण जुलैचं, म्हणून वेल अशी हिरवीगार दिसतेय. एप्रिलमध्ये भिंतीवर नुसत्या काड्या असतात. धावफलक १९३७ चा आहे आणि आजही आतली माणसं पाट्या हातानं बदलतात. १७ एप्रिल २०१५ ला, शुक्रवारी, ब्रायंट इथं पहिल्यांदा उतरला. प्रेक्षकांच्या उघड्या बाकांच्या जागी तेव्हा बांधकाम चालू होतं. समोर सॅन डिएगो पाड्रेस. चारदा बॅटिंगला आला, हिट एकही नाही, तीनदा स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू न टोलवताच बाद. लोकांना त्याचं काही वाटलं नाही. ते त्याला बघायला आले होते.

क्लबचं म्हणणं असं, की तिसऱ्या बेसवरचा माईक ओल्ट जखमी झाला, म्हणून ब्रायंटला बोलावलं. असेलही. पण आदल्या दिवशी बोलावलं असतं, तर १७२ भरले असते.

[दृश्य: टंकलिखित पत्र, राष्ट्रीय अभिलेखागारातली प्रत. तारीख: २४ डिसेंबर १९६९. ओळींवरून कॅमेरा सावकाश सरकतो.]

ही सहा वर्षं आली कुठून? त्यासाठी या पत्रापर्यंत मागं जावं लागतं. लिहिणारा कर्ट फ्लड, सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटर फील्डर. बारा वर्षं खेळल्यावर त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्या काळी करारात एक राखीव कलम असे. क्लबला वाटेल तितकी वर्षं खेळाडू त्याच्याच नावावर. फ्लडनं लीगचे आयुक्त बोवी कून यांना कळवलं, की मी विकायची-विकत घ्यायची वस्तू नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी तो हरला. त्याची कारकीर्द तोवर संपल्यातच जमा होती.

पण वाट मोकळी झाली होती. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली हे दोन पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, १९७५ चा हंगाम कराराविना खेळले आणि लवाद पीटर साइट्झ यांनी २३ डिसेंबरला निकाल दिला: करार संपला, खेळाडू मोकळा. मालकांनी लगेच साइट्झ यांनाच कामावरून काढलं. ओकलंडचे मालक चार्ली फिन्ली तेवढे म्हणाले, की मग दरवर्षी सगळ्यांनाच मोकळं करा. हे ऐकून सर्वांत जास्त धसका घेतला खेळाडूंचे नेते मार्विन मिलर यांनी! बाजारात एकदम सगळेच आले तर भाव कोसळणार, हे त्यांनी ओळखलं होतं. सहा वर्षांची अट मालक आणि खेळाडू दोघांनाही सोयीची होती, म्हणून १९७६ च्या करारात ती आली. मिलर मोठे हिशेबी. पण घड्याळ कधी सुरू करायचं ते मालकाच्या हातात राहिलं, आणि ज्याच्या हाती ससा तो पारधी.

[दृश्य: रिग्लीबाहेर पांढरा झेंडा, त्यावर निळं इंग्रजी ‘डब्ल्यू’ अक्षर, ‘विन’ म्हणजे विजयाचं.]

२०१५ चा सर्वोत्तम नवोदित ब्रायंट. २०१६ चा सर्वांत मौल्यवान खेळाडू ब्रायंट, त्या वर्षीचा पगार ६ लाख ५२ हजार डॉलर. त्याच वर्षी कब्सनं १०८ वर्षांनी विश्वमालिका (वर्ल्ड सिरीज) जिंकली. क्लीव्हलँडमधला तो शेवटचा चेंडू उचलताना त्याचा पाय घसरतो आणि फेकायच्या आधीच तो हसू लागतो, ते दृश्य तुम्ही पाहिलं असेल. त्याचे हक्क लीगकडे आहेत, आमच्याकडे नाहीत.

[दृश्य: काळी पाटी, त्यावर एकच आकडा: ५.१७१]

२०२० संपताना ब्रायंटच्या नावापुढं हा आकडा होता. पाच वर्षं, १७१ दिवस. मुद्दाम खाली ठेवल्याबद्दलची त्याची तक्रार २०१५ च्या डिसेंबरातली. लवाद मार्क अर्विंग्ज यांचा निकाल जानेवारी २०२० मध्ये लागला, क्लबच्या बाजूनं. वाढीव सातव्या हंगामात, जुलै २०२१ मध्ये, कब्सनं त्याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. पुढं कोलोरॅडोशी सात वर्षांचा, १८ कोटी २० लाख डॉलरचा करार झाला, आणि पाठीच्या दुखण्यानं तो बराच काळ बाहेर राहिला.

[दृश्य: व्हिडिओ-बैठकीतली एक चौकट, फेब्रुवारी २०२१.]

हे सिअ‍ॅटल मरिनर्सचे तेव्हाचे अध्यक्ष केविन मॅदर, ब्रेकफास्टला भरणाऱ्या एका रोटरी क्लबसमोर. होतकरू पोरांना २०२० मध्ये वर का आणलं नाही, तर त्यांचं घड्याळ सुरू झालं असतं, असं ते दिलखुलासपणे सांगून बसले. इतकी वर्षं सगळे मनात ठेवून होते ते यांनी ब्रेकफास्टला उघड केलं. चित्रफीत बाहेर आली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा. खेळाडूंच्या इंग्रजीवरही ते घसरले होते, तेही त्यांना भोवलं.

[दृश्य: पिट्सबर्ग. पीएनसी पार्क, नदी, पिवळे पूल.]

मालकांनी पुकारलेल्या ९९ दिवसांच्या टाळेबंदीनंतर, मार्च २०२२ मध्ये, खेळाडूंशी झालेल्या नव्या करारात नियम थोडा वाकला. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला आता पूर्ण वर्ष मिळतं, मग क्लबनं उशिरा का बोलावलेलं असेना. पॉल स्कीन्सला पिट्सबर्गनं ११ मे २०२४ ला आणलं. तो पहिला आला, त्याचं वर्ष भरलं. नावाजलेल्या पोराला पहिल्या दिवसापासून खेळवणाऱ्या क्लबला, त्यानं पुरस्कार मिळवला तर, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवी पोरं वाटून घ्यायच्या वार्षिक निवडीत, एक जादा निवडही मिळते. ज्युलिओ रॉड्रिगेझला हंगामाच्या सुरुवातीलाच उतरवून अशी पहिली जादा निवड पटकावली ती सिअ‍ॅटलनंच.

तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या क्रमांकावर येणाऱ्या पोरांचा हिशेब मात्र जुनाच, १७२ चा. २०२२ च्या या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंतची.