सही आली, आता पुढं काय?

नमस्कार श्रोतेहो.

गावात म्हाताऱ्या माणसांचा वर्ग निघाला की पहिल्याच आठवड्यात एक मागणी ठरलेली असते. "बाई, मले बाकी काही नको, सही तेवढी शिकवा." बँकेत, रेशनच्या दुकानात, गटाच्या रजिस्टरवर चारचौघांसमोर अंगठा निळा करून घ्यायची लाज वाटते, दुसरं काही नाही. थोड्या दिवसांत सही येतेही. आणि सही आली की वर्ग ओस पडतो. झालं शिक्षण!

मी शाळेतून निवृत्त झाल्यावर यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात असा वर्ग घेते. त्यावरून सांगते, ऐकायला कडू लागेल, पण नुसती सही येणारं माणूस अंगठेवाल्यापेक्षा जास्त अडचणीत असतं. अंगठा घेताना साक्षीदार लागतो, कागद वाचून दाखवायची रीत आहे. चार माणसांच्या कानावर मजकूर तरी पडतो. सही ठोकली की समोरचा धरून चालतो, आजीनं वाचलं असंल, समजलं असंल. मग त्या कागदावर काय होतं, हे तिला कळतं तोवर वावराची वाटणी होऊन गेलेली असते.

हक्कसोडपत्र घ्या. वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा वाटा मिळाला. तेव्हापासून साठीतल्या, सत्तरीतल्या बहिणींना माहेरचं बोलावणं जरा जास्तच येऊ लागलं आहे. साडी मिळते, जेवण होतं, आणि जाताजाता कागद पुढं येतो. "ताई, इथं एक सही कर वं." वाटा सोडायचा असेल तर तिनं खुशाल सोडावा, तो तिचा प्रश्न. पण सोडते आहे हे तिला ठाऊक तरी असावं ना!

म्हणून माझं म्हणणं असं, की सहीवर वर्ग थांबवू नका. सहीनंतरच खरा वर्ग सुरू होतो, आणि तो संपत नाही.

शिकवायचं कशावर? ग म भ न ची पाटी आणून ठेवली की सत्तर वर्षांची बाई स्वतःला पहिलीत बसल्यासारखी समजते, आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. तिला सांगा, घरातला एक कागद घेऊन या. ट्रंकेत, गव्हाच्या कोठीमागं, देवाच्या फोटोआड, कुठं ना कुठं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा निघतोच. आमच्याकडं त्यावर कितीतरी दुपारी गेल्या. वरचा भाग गाव नमुना सात. त्यात जमीन कुणाच्या नावावर आहे ते, आणि शेजारी 'इतर हक्क', म्हणजे कुणाचं कर्ज, कुणाचा बोजा आहे ते. खालचा नमुना बारा, त्यात पीक. बाईनं आधी नवऱ्याचं नाव शोधायचं, मग स्वतःचं. हाती लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर नाव कंसात दिसलं तर ती नोंद रद्द झालेली, हे कळल्यावर एक आजी बराच वेळ त्या कंसावर बोट ठेवून बसल्या. "म्हंजे मी हाव का नाही हाव याच्यात?" होत्या. कंसात त्यांचे सासरे होते.

मग क्षेत्र. कागदावर लिहिलेलं असतं शून्य, एक्क्याऐंशी, शून्य शून्य. आजन्म एकरात बोललेल्या माणसाला हा हिशेब कोड्यासारखा वाटतो. एक हेक्टर म्हणजे शंभर आर, एकराला साधारण चाळीस आर. म्हणजे एक्क्याऐंशी आर झाले दोन एकर. एवढं सांगितल्यावर पुढचं आम्हाला शिकवावं लागलंच नाही. या बाया तोंडी हिशेबात पक्क्या असतात. कापूस वेचून काट्यावर टाकला, सदतीस किलो भरला, किलोला दहा रुपये धरले, तर तीनशे सत्तर हे काटा थांबायच्या आत यांच्या तोंडात असतं. आकडा लिहिलेला ओळखता येत नाही, एवढंच अडतं. म्हणून वेचणीची वही त्यांनाच ठेवायला लावावी. स्वतःच्या मजुरीचा आकडा माणूस चुकीचा लिहीत नाही.

वाचनाची एक गंमत सांगते. आमच्या बाया-बाप्यांना अभंग तोंडपाठ. पुस्तक हातात दिलं की पहिल्या ओळीपासून धडाधड म्हणत सुटतात, पानही वेळेवर उलटतात, आणि आलेल्या साहेबाला वाटतं, वा, काय वाचन आहे! त्यांना मधेच थांबवावं, ओळीतल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारावं, हा कोणता? मग खरं कळतं. पण त्यात फसवणूक नाही, तिथूनच वाट निघते. पाठ असलेल्या ओळीतला एकेक शब्द हुडकत गेलं की काना, वेलांटी, मात्रा आपोआप ध्यानात बसतात, कारण अर्थासाठी धडपडावं लागत नाही.

आता ज्याकडं कुणी बघत नाही ते. म्हातारं माणूस 'डोक्यात शिरत नाही' म्हणतं, तेव्हा पुष्कळदा ते डोळ्यात शिरत नसतं. चाळिशी लागून वीस-तीस वर्षं झाली, चष्मा कधी केलाच नाही. मोतीबिंदू पिकलेला. वर्गाच्या आधी डोळे तपासून घ्या, वाचायचा चष्मा करून घ्या, अक्षर बोटभर काढा, फळ्यावर उजेड घ्या. कान मंद असेल त्याला पुढं बसवा, आणि त्याच्याकडं तोंड करून बोला, फळ्याकडं नको. आणि खुर्च्या आणा हो! गुडघे धरलेल्या माणसाला सतरंजीवर तासभर बसवून शिक्षण होत नाही. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या आयोगानं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यांवर काहीतरी करता येतं अशा चौदा गोष्टी सांगितल्या. त्यात लहानपणी कमी मिळालेलं शिक्षण आहे, कमी ऐकू येणं आहे, इलाज न केलेली कमी नजर आहे आणि माणसांतून तुटून एकटं पडणंही आहे. म्हणजे चष्मा, पुढची खुर्ची आणि शेजारी बसलेली चार माणसं यांचं मोल पाटीपेक्षा कमी समजू नका.

यातलं नवं काहीच नाही. आपल्या वर्ध्यातच १९३७ साली नई तालीमची, म्हणजे हातकामातून शिक्षण द्यायच्या गांधीजींच्या विचाराची, परिषद झाली, आणि १९४५ साली सेवाग्रामला गांधीजींनी तिचा पसारा वाढवला. मूल आईच्या पोटात असल्यापासून माणूस मरेपर्यंत शिक्षण चालतं, अशी ती मांडणी, आणि प्रौढांचं शिक्षण हा तिचा स्वतंत्र भाग. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते. पण त्यांचं कीर्तन आठवा, समोरच्यांना प्रश्न विचारून विचारून, उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. म्हाताऱ्यांच्या वर्गाला याहून चांगली रीत मला तरी सापडलेली नाही.

सरकारी योजनाही आल्या आणि गेल्या. १९७८ चा प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ चं साक्षरता मिशन, २००९ चं साक्षर भारत. सध्या 'उल्लास' चालू आहे, २०२२ ते २०२७. पंधरा वर्षांवरच्या कुणालाही त्यात नाव घालता येतं, शिकवणारे स्वयंसेवक असतात. चाचणी दीडशे गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी पन्नास. चाचणी जरूर द्या, प्रमाणपत्र भिंतीला लावा, नातवंडांना दाखवा. पण चाचणी झाली म्हणून वर्गाला कुलूप लावू नका. या योजनेतच अक्षरओळखीच्या पुढं जीवनकौशल्यं, व्यवसायकौशल्यं आणि निरंतर शिक्षण हे भाग लिहिलेले आहेत. गावात ते बहुतेक कागदावरच राहतात, ते बाहेर काढायचं काम आपलं.

वेळापत्रकाचं म्हणाल तर ते वावराकडून विचारून घ्या. वऱ्हाडात दसऱ्यापासून सोयाबीन, मग कापूस, मग तूर, तोवर कुणाला उसंत नाही. माघ-फाल्गुनात दुपार मोकळी होते. पण तिकडं गोंदिया, गडचिरोलीच्या झाडीत मार्च-एप्रिल म्हणजे मोहफूल वेचायचे दिवस, मे महिन्यात तेंदूपत्ता. तिथं वऱ्हाडचं वेळापत्रक नेलं तर रिकाम्या खुर्च्यांनाच शिकवावं लागेल. उन्हाळ्यात आमचा वर्ग दिवस मावळल्यावर भरतो. पण मालिकेच्या वेळेला मात्र हात लावायचा नाही, एवढी अट बायांनी मला घातली आहे.

आबा मंडळी येत नाहीत, ही तक्रार सगळीकडं आहे. बाई न आलेली गोष्ट हसून कबूल करते, आबा पारावर बसून पेपर उलटा धरतील पण कबूल करणार नाहीत. त्यांना 'शिकायला या' म्हणूच नये. "आबा, या सातबाऱ्यावर काय घोळ आहे पाहा बरं," असं म्हणावं. येतात. आणि एकदा आले की बांध, पाणंद, जुनी विहीर, कोणत्या साली कोणता नाला फिरला, हे ते सांगतात आणि आपण लिहून घेतो. त्या दिवशी मास्तर ते असतात. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणतात, "तू काय लिवलं ते वाचून दाखव, नाही तर मलेच दाखव कसं वाचतेत." सुनेनं सासऱ्याला शिकवू नये, असं मात्र माझं मत झालं आहे. दोघंही अवघडतात. नात असेल तर नातीला बसवा, आबा तिचं ऐकतात.

तेव्हा श्रोतेहो, ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी मुहूर्ताची वाट पाहू नका. गोळ्यांची पट्टी घ्या, तिच्यावरची मुदतीची तारीख शोधायला लावा. एसटीची पाटी वाचायला लावा. पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट आहे, पण गाडी कोणत्या गावची हे विचारत दहा जणांमागं फिरावं लागू नये. श्रावणबाळचे पैसे जमा झाले का, ते पासबुकात त्यांनाच पाहू द्या. पासबुक वर्गात आणायला हरकत नाही. फक्त एटीएमचा पिन आणि मोबाईलवर आलेला ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, फोनवरच्या गोडबोल्या साहेबाला नाही आणि वर्ग घेणाऱ्या बाईलाही नाही. कुणी फसवलंच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा सरकारी नंबर लगेच लावायचा. आमच्या वर्गात तो फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहिलेला आहे, आणि आकडे ओळखायला आम्ही त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

नमस्कार.