सफरचंदाची बी आणि जोंधळ्याचा पोंगा

मंडळी, पुढं सरका की जरा, मागं फॅनच्या आवाजात काही ऐकू येणार नाही.

आजचा विषय तुमच्यातल्याच एका मावशींनी दिलाय. नातवानं सफरचंद बियांसकट खाल्लं, मग कुणीतरी व्हॉट्सअॅपला मेसेज टाकला की सफरचंदाच्या बीत सायनाइड असतं, झालं, मावशींची रात्रभर झोप गेली. नातू सकाळी उठून दोन पोळ्या खाऊन शाळेला गेला.

मेसेज पूर्ण खोटा नाही, पण पूर्ण खरापण नाही. बीत तयार सायनाइड नसतं. असतं ते अॅमिग्डॅलिन. 1830 साली दोन फ्रेंच केमिस्टनी ते कडू बदामातून वेगळं काढलं. ते एकटं असतं तोवर गप्प असतं. त्याला फोडणारं एन्झाइमसुद्धा त्याच बीत असतं, पण वेगळ्या कप्प्यात. पानाचं बघा की, चुना एकीकडं, कात एकीकडं, तोवर लाल काही होत नाही, तोंडात चावलं की रंगतं. इथंपण तसंच, बी चावली, कुटली, मिक्सरला फिरवली की दोघं एकत्र येतात आणि साखर, बदामाच्या इसेन्ससारख्या वासाचं बेंझाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड असं तीन सुटतं. अख्खी गिळली तर वरचं टणक साल पचत नाही, बी आली तशी बाहेर जाते. झाडाला तेच हवंय ना, फळ खा, बी लांब नेऊन टाक, पण चावलीस तर बघ!

आता किती, हा खरा प्रश्न, आणि मेसेजवाले नेमकं हेच गाळतात. एक ग्रॅम बियांत साधारण 1 ते 4 मिलिग्रॅम अॅमिग्डॅलिन, जातीप्रमाणं कमीजास्त. एक ग्रॅम अॅमिग्डॅलिन पूर्ण फुटलं तर 59 मिलिग्रॅम सायनाइड. म्हणजे एक ग्रॅम बियांतून जास्तीत जास्त पाव मिलिग्रॅमच्या आसपास. माणसाला जीवघेणा डोस किलोमागं 0.5 ते 3.5 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे 50 किलोच्या माणसाला कमीत कमी 25. करा हिशोब, शंभर ग्रॅम बिया, त्यापण सगळ्या नीट चावून. एका फळात पाच-आठ बिया निघतात, सगळ्या मिळून एक ग्रॅमपण भरत नाहीत. रविवार पेठेतली पेटीच्या पेटी संपवायची म्हटली तरी आधी दात दुखतील. पण मळमळ, डोकेदुखी, चक्कर यायला एवढं लागत नाही, आणि लहान पोरांचं वजन कमी, म्हणून ज्यूस करताना मधला गाभा काढून टाका, एवढं पुरे.

थोडंसं सायनाइड आपलं शरीर स्वतःच गंधकाला जोडून थायोसायनेट करून लघवीवाटे काढतं. जास्त झालं की मात्र पेशींना ऑक्सिजन वापरताच येत नाही. रक्तात ऑक्सिजन भरपूर, रक्त लालभडक, पण सिलिंडर भरलेला आणि बर्नरच बंद अशी गत.

आणि हां, याच अॅमिग्डॅलिनचा भाऊबंद लेट्रिल, ‘व्हिटॅमिन बी 17’ म्हणून कॅन्सरवर विकतात. ते व्हिटॅमिन नाहीच. 1982 साली अमेरिकेत 178 पेशंटवरच्या चाचणीचा निकाल आला, फायदा शून्य, उलट काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीला गेलं. कुणी जर्दाळूच्या बिया कॅन्सरवर औषध म्हणून आणून दिल्या तर त्याला चहा पाजा आणि बिया परत द्या.

आता मला जे सांगायचं होतं ते. सफरचंद येतं काश्मीर-हिमाचलहून, त्याच्या बीला आपण घाबरतोय, आणि हेच विष आपल्याच शेतात उगवतं त्याचं काही नाही. जोंधळा! अथणी-गोकाककडच्या मंडळींना सांगायला नको. कोवळ्या जोंधळ्यात धुरिन नावाचं याच जातीचं द्रव्य असतं. पावसानं ताण दिला, पीक गुडघ्याएवढंच राहिलं, किंवा कापल्यावर खोडवा फुटला की हिरव्या पोंग्यात ते वाढतं. उपाशी गाय सुटून त्यात घुसली की कधीकधी अर्ध्या तासात आडवी. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतूच ते विष झटपट मोकळं करतात, म्हणून माणसापेक्षा गायीला धोका जास्त. फुलोऱ्यानंतर ते कमी होत जातं, नीट वाळलेल्या कडब्यात भीती फार कमी.

असं जनावर दिसलं तर ताक, गूळ, तेल पाजत बसू नका, श्वास लागलेल्या जनावराच्या घशात ओतलेलं फुफ्फुसात जातं. डॉक्टरला फोन करा आणि पहिलंच वाक्य सांगा, ‘जोंधळा खाल्लाय.’ म्हणजे ते येताना सोडियम थायोसल्फेट बरोबर घेऊन येतील. त्यातलं गंधकच कामाला येतं, मघाशी शरीराचं सांगितलं तेच, फक्त जास्त आणि थेट शिरेतून.

बोला, मागचे तात्या हात वर करून बसलेत मघापासून.